निसटलेली चप्पल

जामखेडच्या पेठेतील त्या कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसलेले शेठजी हे दृश्य गिऱ्हाइकांच्या दोन पिढ्यांना परिचयाचे होते. सकाळचे सामायिक आटोपून ते दुकानात येत, दुपारी जेवणापुरते उठत आणि पुन्हा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणापर्यंत गादीवर बसून असत. एक पाय मुडपलेला, एक गुडघा उभा, समोर उतरती पेटी आणि तिच्यावर वाकून केलेले लिखाण, अशी त्यांची चाळीस वर्षांची बैठक. त्यांचे वडीलही त्याच गादीवर तसेच बसत. हिशेब आता संगणकावर गेला होता, पण रोजची रोकड शेठजी स्वतःच्या हाताने लिहीत. ‘मेळ बसल्याशिवाय झोप नाही,’ हे त्यांचे ब्रीद होते. दुकानाच्या मेळाबाबत इतका काटेकोर असलेला हा गृहस्थ शरीराच्या खात्याकडे मात्र कधी फिरकला नव्हता. वय एकसष्ट झाले होते, रक्तातील साखर किंचित वाढलेली होती आणि एवढ्यावर सारे ठीक चालले आहे, असा त्यांचा समज होता.

लग्नसराईच्या तोंडावर माल आला. नोकर जेवायला गेलेला होता. साड्यांची गाठ दारातून आत ओढण्यासाठी शेठजी कमरेतून वाकले, गाठ उचलून त्यांनी अंग वळवले आणि त्याच क्षणी पाठीत वीज चमकावी तशी कळ आली. चार दिवसांत ती कळ पाठीतून उजव्या कुल्ल्यात उतरली, मांडीच्या मागून पोटरीत गेली आणि तेथून पावलाच्या वरच्या भागात पोहोचली. शिंक आली तरी पायात सणक जाई. सर्वांत मोठे दुःख निराळेच होते. कटासनावर अठ्ठेचाळीस मिनिटे बसणे अशक्य झाले आणि ऐन तारुण्यापासून न चुकलेले सामायिक पलंगावर पडून मनातल्या मनात करण्याची वेळ आली.

व्यापारी घरात दुखण्यावर पहिला इलाज असतो तो शेजारच्या औषधाच्या दुकानातील गोळीचा, दुसरा तेलाच्या मालिशीचा आणि तिसरा कमरेच्या पट्ट्याचा. हे तिन्ही झाले. एका जाणत्याने ‘नस चढली आहे’ असे सांगून पायाच्या अंगठ्याला हिसके दिले. त्याने दोन तास बरे वाटले आणि रात्री कळ दुप्पट झाली.

पाठीत काय घडले होते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके धरले जातात. त्यांपैकी वरचे २४ सुटे आणि हलणारे असतात, तर खालचे एकमेकांना जोडले गेलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मधोमध कूर्चेची चकती असते. वैद्यकात तिचे काहीही नाव असो, आपल्या लोकांनी तिला ‘गादी’ हे अचूक नाव दिले आहे. बाहेरून चिवट वेढे आणि आत मऊ गर, अशी या गादीची रचना असते. मणक्यांच्या मागील पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो आणि त्याच्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या दोन्ही बाजूंना बाहेर पडतात. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा जुडगा लोंबत असतो. याच खालच्या तंतूंपैकी काहींच्या संगमातून शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू तयार होतो आणि कुल्ल्यामागून पायात उतरतो. वाकून वजन उचलताना गादीवरचा ताण फार वाढतो. तिचे वेढे फाटून आतील गर मागे सरकला, तर जवळून जाणारे तंतूचे मूळ चेपते आणि त्याभोवती दाह होतो. म्हणून दुखण्याचे कारण कमरेत असते आणि ओरड मात्र पाय करतो. पायात जाणारी कळ आणि फाटलेली गादी यांचा हा संबंध मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी शल्यवैद्यांनी १९३४ मध्ये स्पष्टपणे मांडला.

शेठजींचा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. पांढऱ्या कोटातील एक तरुण आडव्या पडलेल्या माणसाला कुशीवर वळवतो, खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला दाबतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि तो माणूस हसत उठून बसतो. ‘काकासाहेब, याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. ना गोळी, ना सुई,’ पुतण्या म्हणाला. सुई आणि शस्त्र यांचे भय वाटणाऱ्या शेठजींना हे शब्द मधासारखे गोड लागले.

या पद्धतीचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी १८९५ मध्ये झाला. डी. डी. पामर नावाच्या चुंबकीय उपचारकाने हार्वे लिलार्ड या इमारतीतील सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून बसवला आणि त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, असा दावा केला. त्यावरून पामरने सिद्धान्त मांडला. मणके किंचित जागचे हलले की मज्जातंतू अडतात, शरीरातील जीवनशक्तीचा प्रवाह खुंटतो आणि त्यातून बहुतेक सर्व रोग होतात, असे तो सांगे. मणके जागेवर आणले की रोग जातो, हा त्याचा निष्कर्ष. कल्पना मोठी आकर्षक होती, कारण मज्जासंस्था शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचते हे खरेच आहे. तथापि या उदाहरणातच एक अडचण होती. ऐकण्याचा मज्जातंतू कानापासून कवटीच्या आतून थेट मेंदूत जातो, पाठीच्या मणक्यांतून तो जातच नाही. पुढे सव्वाशे वर्षांत या विद्येत पुष्कळ बदल झाले, तिची विद्यालये निघाली, कित्येक देशांत कायदे झाले. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले की, ‘मणका किंचित हलल्याने रोग होतात’ ही एक ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगाचे कारण असल्याचा दावा करण्याजोगा संशोधनाचा आधार तिला नाही.

मग त्या झटक्याने बरे वाटते ते कसे? तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकाएकी ताणला की त्यातील दाब उतरतो आणि वायूची पोकळी निर्माण होते. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बोटाचा सांधा मोडताना त्याचे एमआरआय चित्रण करून हेच दाखवले. बरे वाटण्याचे कारण मात्र खरोखर मज्जासंस्थेतच आहे, केवळ ते पामरने सांगितलेले नव्हे. सांधे आणि स्नायू यांत ताण व हालचाल टिपणारे असंख्य संवेदक असतात. वेगवान ताणाने ते सारे एकदम जागे होतात आणि त्यांचे संदेश मज्जारज्जूत पोहोचून वेदनेच्या संदेशांना काही काळ मागे सारतात. मूल पडले की आई त्याचा गुडघा चोळते आणि रडे थांबते, त्यातले तत्त्व हेच. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ‘वेदनेचे फाटक’ म्हणून मांडलेली कल्पना याच अनुभवाचा उलगडा करते. झटक्यानंतर आखडलेले स्नायू सैल होतात, माणसाची भीती कमी होते आणि तो हालचाल करू लागतो. हेही फायदेच आहेत. पण दबलेल्या तंतूवरची सरकलेली गादी त्या आवाजाने हटते, असे समजणे चूक होय.

शेठजी पुण्याला गेले. उपचारानंतर ते ताठ उभे राहिले आणि पाठीतली आखड बरीच कमी झाली. त्याच आनंदात केंद्रातील व्यक्तीने कण्याचे रंगीत चित्र समोर धरले. कोणता मणका कोणत्या अवयवाशी जोडलेला आहे, हे त्यात दाखवले होते. चाळीस बैठका घेतल्या तर पाठच काय, साखरसुद्धा आटोक्यात येईल, असे सांगून रक्कम आगाऊ भरल्यास सवलत मिळेल, असेही सांगण्यात आले. सुरतेच्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या मालातील प्रत्येक गाठ फोडून, तागा उलगडून, काठ उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे न देणाऱ्या शेठजींनी चाळीस बैठकांचे पैसे एका स्वाक्षरीने भरले. दुखण्यात माणसाची पारख अशी गहाण पडते.

एक गोष्ट त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाही. पाठ तपासली गेली, मान तपासली गेली, खांद्यांची उंचीही मोजली गेली. पायातला मोजा काढून पाऊल मात्र कोणी पाहिले नाही.

पाचव्या आठवड्यात चमत्कार झाला. पायातील कळ एके सकाळी जवळजवळ नाहीशी झाली. घरात आनंद पसरला. सूनबाईंनी लापशी केली. शेठजी पुन्हा कटासनावर बसले, पुन्हा दुकानात येऊ लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या केंद्राचा पत्ता देऊ लागले. पावलाच्या वरच्या बाजूला थोडी बधिरता होती, अंगठा जरा जड वाटत होता. ‘दुखणे गेले, त्याची ही राहिलेली खूण,’ असे त्यांनी स्वतःला समजावले.

बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातील एक म्हातारी नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात आली. ती जुनी गिऱ्हाईक. शेठजी तिला मावशी म्हणत. तिला नवीन नऊवारी दाखवावी म्हणून ते आतल्या खोलीतून तागे घेऊन आले. मावशीने लुगड्याकडे न पाहता दाराकडे बोट दाखवले.

‘शेटजी, तुमची एक चप्पल तिकडं उंबऱ्यापाशी राहिली. पायातनं गेली ते कळलं नाही का?’

शेठजींनी खाली पाहिले. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी होता. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

ही बाई साधी गिऱ्हाईक नव्हती. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांनी अवर्षणग्रस्त तालुका मुद्दाम निवडला होता. खेड्यातील निरक्षर, पुष्कळदा दलित किंवा परित्यक्ता स्त्रियांना निवडून त्यांनी आरोग्याचे ज्ञान दिले आणि गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवले. या कार्यासाठी दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगभरच्या आरोग्यशास्त्राच्या वर्गांत पोहोचले. मावशी तरुणपणी अशीच आपल्या गावची आरोग्य कार्यकर्ती झाली होती. बाळंतपण, कुपोषण, क्षय यांच्या जोडीला तिने वर्षानुवर्षे एक काम केले होते. ते म्हणजे कुष्ठरोगाची पहिली चिन्हे ओळखणे. या प्रकल्पाने कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता इतर रोग्यांसोबतच उपचार दिले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

कुष्ठरोग हा मुळात त्वचेचा तसाच मज्जातंतूंचा रोग आहे. वेल्लोरलाच १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग्याची बोटे रोगाने गळून पडत नाहीत. तंतू निकामी झाल्याने वेदना कळेनाशी होते, मग चटका बसला, खडा रुतला, जखम चिघळली तरी माणूस पाय रेटत राहतो आणि त्या न कळलेल्या इजांनी अवयव झिजतो. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, तो झोपला की घर लुटले जाते. म्हणूनच त्या कामात गावोगाव विचारला जाणारा प्रश्न साधा असे: चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असे होते का?

मावशीने शेठजींना खुर्चीवर बसायला सांगितले. दुकानात गिऱ्हाइके होती आणि ‘कुष्ठरोग’ हा शब्द कोणाच्या तरी तोंडून निघताच शेठाणींचा चेहरा पांढरा पडला. दुकानाची अब्रू, पुतणीची ठरत आलेली सोयरीक, आळीतील कुजबुज, सारे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावे. मावशीने ते ओळखले.

‘बाई, भिऊ नका. तो रोग असता तरी गोळ्यांनी बरा होतो आता. पण यांचं तसं दिसत नाही.’ तिने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस बोटांनी चाचपली, कातडीवर चट्टा आहे का ते पाहिले, मग शेठजींना डोळे मिटायला लावून लुगड्याच्या दशीचा धागा पावलावर ठिकठिकाणी टेकवला. ‘कुठं लागला ते बोटानं दाखवा.’ डाव्या पायावर शेठजींनी प्रत्येक वेळी अचूक बोट ठेवले. उजव्या पावलाच्या वरच्या भागावर धागा चार वेळा टेकला आणि शेठजी डोळे मिटून वाटच पाहत राहिले. शेवटी ती म्हणाली, ‘आता टाचांवर चालून दाखवा.’ उजवे पाऊल वर उचललेच जाईना. ते जमिनीवर फटकन आपटत होते.

‘कळ कधी थांबली?’ तिने विचारले.

‘झाले पंधरा दिवस. त्यामुळे तर बरे वाटते आहे, मावशी.’

‘शेटजी, तुम्ही उधारी देता. गिऱ्हाइकानं तगादा लावणाऱ्याला गप केलं म्हणजे उधारी फिटली का? कळ गेली आणि जोरही गेला, तर ते बरं झालेलं नसतंय. आजच्या आज मोठ्या डॉक्टरला दाखवा.’

त्याच दुपारी दुकान मुलावर सोपवून गाडी आष्टी-कडा मार्गे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला निघाली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी मोठ्या प्रमाणात मागे सरकून पाचव्या तंतूच्या मुळावर बसलेली दिसली. पाऊल आणि अंगठा वर उचलण्याचे बळ, तसेच पावलाच्या वरच्या भागाची संवेदना, बहुतांशी याच तंतूकडे असते. डॉक्टरांनी चित्र समोर ठेवून समजावले. केवळ चित्रात गादी फुगलेली दिसते म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. पाठ कधीच न दुखलेल्या लोकांच्या तपासणीत विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली गादी आढळते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात दिसून आले आहे. बहुतेकांची सायटिका काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून शमते. परंतु स्नायूंचे बळ वाढत्या प्रमाणात जात असेल, तर थांबण्याला अर्थ नसतो. तंतू जितका अधिक काळ दबलेला, तितके त्याचे परतणे अनिश्चित.

पुतण्या शरमिंदा होऊन विचारत होता, ‘डॉक्टरसाहेब, त्या झटक्यांनीच गादी सरकली का?’

डॉक्टरांनी न्यायाचे उत्तर दिले. ‘तसे म्हणता येणार नाही. गादी बहुधा त्या गाठीच्या दिवशीच फाटली असावी. चांगला कायरोप्रॅक्टर असता तर त्याने पहिल्याच दिवशी पाय तपासला असता, बळ कमी दिसताच उपचार थांबवून आमच्याकडे पाठवले असते. दोष त्या हातांचा कमी आणि न तपासण्याचा अधिक. आणि तुमचाही, कारण बधिरता तुम्ही कोणालाच सांगितली नाहीत.’

शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करण्यापूर्वीची ती रात्र शेठजींना जड गेली. सुई नको म्हणून ज्या वाटेने ते गेले होते, तिने त्यांना शस्त्रापाशीच आणून सोडले होते. शेठाणी काही बोलल्या नाहीत. पहाटे त्यांनी एवढेच म्हटले, ‘अहो, मेळ बसत नसला की तुम्ही मागची पाने उलटता. आता पुढचे पान उघडा.’ सकाळी सही झाली.

या अनुभवातून सर्वच घरांनी काही ध्यानात घ्यावे, असे आहे. कंबरदुखी हा कोणा एकाचा भोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती. याच संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाचे प्रबोधन, व्यायाम आणि मणक्यांवरील हस्तोपचार किंवा मालिश यांसारख्या काही शारीरिक उपचारांना स्थान आहे. कमरेचे पट्टे आणि कंबर ताणण्याचे उपचार मात्र सरसकट देऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे कायरोप्रॅक्टिकमधील हस्तोपचार साध्या कंबरदुखीला काही प्रमाणात उपयोगी पडू शकतो, व्यायामाची जोड असेल तर अधिकच. परंतु मधुमेह, दमा, रक्तदाब यांसाठी त्याचा आधार घेऊन चालू औषधे सोडणे हा घाट्याचा सौदा आहे. मानेला जोराचा झटका देण्याबाबत विशेष सावध राहावे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ असल्या, तरी वैद्यकाला ठाऊक आहेत. आपल्या देशात भौतिकोपचार हा व्यवसाय २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत आला आहे, पण कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून उपचारकाचे शिक्षण विचारून घेणे ही जबाबदारी रुग्णाची ठरते.

काही चिन्हे दिसली तर कोणत्याही मालिशीची, झटक्याची किंवा मुहूर्ताची वाट पाहू नये. पायातील किंवा हातातील बळ कमी होणे, पाऊल फरफटणे, बधिरता वाढत जाणे, कंबरदुखीसोबत ताप येणे किंवा वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावे. लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा मांड्यांमधील बैठकीचा भाग बधिर होणे हे तर तासांचे संकट असते, त्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. मधुमेह असणाऱ्याने पायाच्या बधिरतेला कधीच क्षुल्लक मानू नये, कारण साखरही तंतूंना हळूहळू निकामी करते.

शेठजींचे पाऊल एकदम उठले नाही. निकामी झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि कंबर ते पाऊल हे अंतर मोठे. पहिले दोन महिने पायात आधाराची पट्टी होती. भौतिकोपचार करणाऱ्या तरुणीने दिलेले व्यायाम शेठजी रोकडीसारखे लिहून ठेवत: किती वेळा, कोणता पाय, किती उचलला. तिसऱ्या महिन्यात अंगठा किंचित हलला. त्या संध्याकाळी दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो हलवून दाखवला. वर्ष होत आले तेव्हा टाचांवर चार पावले चालता येऊ लागले होते. पावलाच्या वर तळहाताएवढा भाग मात्र बधिरच राहिला आहे आणि तो तसाच राहील, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

दुकानात आता गादीशेजारी एक उंच खुर्ची आली आहे. अर्ध्या तासाने शेठजी उठतात, चार तागे स्वतः दाखवतात, पुन्हा बसतात. गाठ मात्र दोघांनीच उचलायची, असा दंडक आहे. सामायिकही खुर्चीवर बसून होते. सुरुवातीस त्यांना त्याचा संकोच वाटे. वयोवृद्ध महासतीजींनी त्यांना समजावले की, समता चित्तात राखायची असते, गुडघ्यात नव्हे. पुण्याच्या उरलेल्या बैठकांचे पैसे परत मागण्याचा विचार त्यांनी सोडून दिला आहे. ती रक्कम वहीत त्यांनी ‘शिक्षण खर्च’ म्हणून मांडली आहे.

नातीच्या लग्नानंतर मावशी एकदा येऊन गेली. बस्त्याची बाकी चुकती करायला तिने पदराची गाठ सोडली, तेव्हा शेठजी पैसे घेईनात. ती रागावली. ‘उधारी ठेवायची नसते, तुम्हीच म्हणता ना?’ शेवटी शेठजींनी पैसे घेतले, पावती केली आणि मग हात जोडले.

आता रोज रात्री रोकडीचा मेळ बसला की शेठजी दिव्याखाली बसतात, उजवे पाऊल मांडीवर घेतात आणि बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा सारे नीट पाहतात. कुठे खडा लागला आहे का, ओरखडा आहे का, फोड आला आहे का. कुष्ठरोग्यांना शिकवलेली ही रीत मावशीनेच त्यांना लावून दिली. ज्या भागाला आता स्वतःहून तगादा लावता येत नाही, त्याची विचारपूस मालकानेच करायला हवी. त्यानंतर ते मागे पट्टा असलेल्या चपला उंबऱ्याशी जोडीने ठेवतात आणि दिवा मालवतात.